मदत हवी आहे: पोर्ट्रेटमधला काळा कोट चमकतोय आणि चेहराही जमत नाहीये

शिसपेन्सिल_कोल्हापूर:
आजोबांचं पेन्सिल पोर्ट्रेट करतेय, पुढच्या रविवारी त्यांचं वर्षश्राद्ध आहे, त्याआधी व्हायलाच हवं. कोट आणि टोपी कितीही घासली तरी काळी होत नाही, खिडकीशी धरलं की चंदेरी चमकते. गालावर डाग पडल्यासारखं दिसतंय. आणि चेहरा त्यांचा वाटतच नाही, आई म्हणते हे कुणीतरी वेगळेच. तीनदा फाडून परत काढलंय. कुठली पेन्सिल घेऊ तेवढं सांगा प्लीज.

खडूफळा:
कागद कुठला? आत्ता कुठली पेन्सिल आहे? शेडिंग कशाने पसरवता?

शिसपेन्सिल_कोल्हापूर:
साधाच, प्रिंटरचा. अप्सराचा सेट आहे, कोटाला ८बी, मऊ आणि गडद असते ती. पसरवते बोटाने, अजून कशाने?

खडूफळा:
मग पेन्सिलीला दोष देऊ नका. प्रिंटरचा कागद ७०-७५ जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम) म्हणजे पातळ, गुळगुळीत, त्याला दाणा म्हणजे खरखरीतपणा नाही, दोन थर बसले की तिसरा घसरतो. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे असतात, जोर दिला की ते सपाट होऊन उजेड परत फेकतात, म्हणजे जितकं दाबाल तितकं चमकणार. २०० जीएसएमचा कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा जाड कागद) आणा, कोट आणि टोपी चारकोल म्हणजे कोळशाच्या पेन्सिलने करा. पण तिथे आधी ग्राफाइट लावू नका, त्यावर चारकोल धरत नाही. गालावरचे डाग बोटाच्या तेलाचे आहेत, टिश्यू नाहीतर मऊ ब्रश वापरा.

रेषाटन:
चारकोल अजिबात नको, हात लागला की चेहऱ्यावर सगळा काळा. स्टेडलरची मार्स ल्युमोग्राफ ब्लॅक घ्या, तिच्यात कार्बन जास्त असतो, चमक येत नाही.

खडूफळा:
हाताखाली कोरा कागद ठेवला तर काही पसरत नाही हो. रविवारपर्यंत ऑनलाइन मागवून वाट बघत बसायची का त्यांनी?

जुना_इंटरमिजिएटवाला:
चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या स्थिरचित्राला सरांनी हात ताठ धरून पेन्सिलीने माप घ्यायला शिकवलं होतं ते अजून उपयोगी पडतं. आता पोरं ग्रिड आखतात, म्हणजे फोटोवर आणि कागदावर चौकोन पाडून एकेक चौकोन उतरवतात, ती नक्कल झाली, त्याने डोळा तयार होत नाही. ताई, तुम्ही ऑइल का नाही करत? काळा तर छान येतो.

रेषाटन:
काका, त्यांच्या हातात आठवडा आहे आणि ऑइल वाळायलाच तेवढा लागतो. ग्रिडच आखा, १ सेंमीचा, एचबीने अगदी हलका.

मीनल_नाशिक:
ताई, फोटो कसलाय ते सांगितलंच नाहीत.

शिसपेन्सिल_कोल्हापूर:
त्यात काय सांगायचं, भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाईलवर काढलाय.

मीनल_नाशिक:
फ्रेम उंचावर आहे आणि तुम्ही खालून काढलात ना? मग हनुवटी रुंद आणि कपाळ अरुंद येणारच, त्यावर ग्रिड आखलात तरी चूकच उतरेल. फ्रेम खाली काढा, खिडकीच्या बाजूला उभी करा, मोबाईल बरोबर समोर सरळ धरा, थोडं मागे जाऊन झूम करा. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, जुने फोटो फाटतात.

हौशी_सातारा:
झाल्यावर हेअर स्प्रे मारा, स्वस्तात काम होतं.

खडूफळा:
नको. काही वर्षांनी पिवळं पडतं. फिक्सेटिव्ह (चित्र पुसलं जाऊ नये म्हणून मारायचा स्प्रे) घ्या, लांबून पातळ दोन हात, गॅलरीत उभं राहून.

शिसपेन्सिल_कोल्हापूर:
फ्रेम उतरवून परत फोटो काढला, खरंच खालून काढलेला होता. नवीन कागदावर ग्रिड आखून डोळे-नाक केलं, आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली हे आपले बाबा. कोटाला चारकोलच, इथल्या दुकानात तेवढंच मिळालं. आता मिशी अडलीये, पूर्ण पांढरी आहे, खोडरबराने केस काढले तर जाड येतात.

मीनल_नाशिक:
खोडू नका. शाई संपलेल्या बॉलपेनने चित्रातल्या मिशीच्या कोऱ्या जागेवर आधी केस दाबून ओढा, मग वरून पेन्सिल आडवी धरून हलकं शेडिंग करा, खाचा पांढऱ्याच राहतील. पण आधी दुसऱ्या तुकड्यावर करून बघा, एकदा खाच पडली की ती जात नाही.