उल्हासनगर: तुमच्या गल्लीत कोण कोण राहतं?

बाहेरच्यांना वाटतं इथे सगळे सिंधीच. २०११ च्या जनगणनेत ५ लाखांवर माणसं, जागा जेमतेम १३ चौरस किमी, त्यात कोण नाहीये ते विचारा! आपापले अनुभव लिहा.

कॅम्पचारवाली: लग्न होऊन आले तेव्हाची गोष्ट. श्रावणात एक दिवस शेजारच्या सिंधी काकूंकडे सकाळपासून गॅस बंद, मला वाटलं सिलिंडर संपला असेल म्हणून विचारायला गेले तर म्हणाल्या आज थदडी, चूल पेटवायची नाही, आणि आदल्या रात्री केलेला लोला हातावर ठेवला, म्हणजे गोड पोळीच, जाडजूड, वेलचीचा वास येणारी. घरी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणे, अगं शिळासप्तमीच ती, आपली शुद्धात, त्यांची वद्यात. तेव्हापासून दर थदडीला आमच्याकडे लोला येतोच, सासूबाई तर आधीच डबा रिकामा करून ठेवतात.

बॅरकवाला: मी सिंधी, तिसरी पिढी. आजोबा फाळणीनंतर शिकारपूरहून कल्याण कॅम्पात आले, महायुद्धातल्या मिलिटरी बॅरका होत्या त्या, एका खोलीत मध्ये गोणपाटाचा पडदा लावून दोन कुटुंबं. उल्हासनगर हे नाव नंतर, १९४९ ला. आता आमची बॅरक पाडून चार मजले झालेत पण पत्त्यात बॅरक नंबर अजून तसाच आहे. लहानपणी खरी अडचण मे महिन्यात, अख्खी गल्ली गावाला आणि मी एकटा, कारण आमचं गाव बॉर्डरपलीकडे. मग शेजारचा मित्र मला राजापूरला घेऊन जायला लागला. त्याची आजी अजून विचारते, "तू कधी येतंस?"

धागा_सुई: सगळं गोडगोड लिहू नका राव. कॅम्प पाचला (इथले भाग कॅम्पच्या नंबरानेच ओळखतात) जीन्स शिवणारे यूपी-बिहारचे कारागीर एका खोलीत आठ-दहा जण राहतात, त्यांना कोणी शेजारी म्हणतं का? ती खोली मिळवताना पण आधी प्रश्न, कुठले? होळीला ते गावी गेले की मग शेठची धावपळ बघा, ऑर्डर अडकतात ना!

बॅरकवाला: @धागा_सुई पटलं. आमच्या वरच्या मजल्यावर पण असेच आठ जण आहेत आणि मला त्यातल्या फक्त एकाचं नाव माहितीये, तेही पाणी जातं तेव्हा तो खाली विचारायला येतो म्हणून.