मदत हवी आहे : बेदाणे ऑनलाइन विकण्यासाठी आधी काय शिकू?

नमस्कार मंडळी, मी पंचवटीत राहते. दिंडोरीला माहेरी होणारे बेदाणे ऑनलाइन विकायचे आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही नावनोंदणी क्रमांक घेऊन ई-कॉमर्सवरून राज्यातल्या राज्यात माल विकता येतो, हे कळल्यापासून हुरूप आलाय.

खरी अडचण फोटोंची. हिरवा बेदाणा ट्यूबलाइटखाली काळपट दिसतो, खिडकीपाशी ठेवला तर पिवळट. आणि गिऱ्हाईक तर रंग बघूनच भाव करतं! आधी फोटोग्राफी शिकू की जाहिराती? 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचे कोर्स मोफत आहेत, पण मला समोर बसून शंका विचारायला आवडतं. कॉलेज रोड किंवा नाशिकरोडला मराठीतून शिकवणारा संध्याकाळचा क्लास कुणाला माहीत आहे का? स्वतः शिकलेल्या ताई-दादांनी अनुभव जरूर सांगा.