हेमिसमध्ये हिमबिबट्या पाहण्यासाठी आठ दिवस पुरतील का?

भटके दांपत्य, नाशिक
नमस्कार. येत्या फेब्रुवारीत मी आणि पत्नी लडाखमधील हेमिस राष्ट्रीय उद्यानात हिमबिबट्या पाहण्यासाठी जाण्याच्या विचारात आहोत. आमची वये ५८ आणि ५४ असून गेली वीस वर्षे आम्ही सह्याद्रीत नियमित भटकतो. कळसूबाई तर दरवर्षी ठरलेली. सुट्टी आठ दिवसांची आहे. लेहमध्ये एक दिवस विश्रांती घेऊन उरलेले दिवस रानात घालवावेत, हा बेत योग्य आहे का? ताडोब्यासारखी जिप्सीची सोय तेथे असते का, आणि माझ्याकडील ३०० मिलिमीटरची लेन्स पुरेल का, हेही कृपया सांगावे.

हिमवाट
बेतातली मोठी चूक लेहच्या मुक्कामात आहे. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि लेह सुमारे ३,५०० मीटरवर. म्हणजे विमानातून उतरताक्षणी आपण कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर असाल. उंचीचा त्रास सह्याद्रीत कमावलेल्या दमाला जुमानत नाही. उलट धडधाकट माणसेच पहिल्या दिवशी शांतीस्तूपाच्या पायऱ्या चढायला निघतात आणि रात्री डोके धरून बसतात. लेहमध्ये किमान तीन रात्री काढाव्यात, त्यांपैकी पहिला दिवस अक्षरशः अंथरुणात. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यावी की नाही, हे आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर ‘उद्या बरे वाटेल’ म्हणून थांबू नये, तातडीने खाली उतरून दवाखाना गाठावा. हिवाळ्यात लेहची विमाने हवामानामुळे रद्द होतात, तेव्हा परतीपूर्वी एक दिवस मोकळा हवा. आठ दिवसांत हे बसत नाही.

रुंबकला राहिलेली
उद्यान सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचे आहे, पण तेथे जिप्सी सफारी नाही. उद्यानातल्या रुंबक गावाच्या खोऱ्यात पायी फिरायचे आणि त्याहून जास्त वेळ एका जागी बसायचे. फेब्रुवारी निवडलात ते उत्तम, कारण बर्फामुळे भरल या रानमेंढ्यांचे कळप खालच्या उतारांवर येतात, त्यांच्यामागे हिमबिबट्या येतो आणि जानेवारी ते मार्च हा त्याचा मीलनकाळही असतो.

आमच्या चौथ्या सकाळी वाटाड्याने दुर्बिणीतून डोळा न काढता ‘शान’ एवढेच म्हटले. लडाखीत हिमबिबट्याला शान म्हणतात. मी पाहिले, तर भिंगात नुसता करडा खडक. दोन मिनिटे तशीच गेली आणि मग खडकाच्या कडेवरून लोंबणारी जाड शेपटी सावकाश वर उचलली गेली. अंतर पाऊण किलोमीटर तरी असावे. त्यामुळे ३०० मिलिमीटरच्या लेन्सवर एक ठिपका मिळेल. त्यापेक्षा तिवईवरची स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचे दाखवणारी मोठी दुर्बीण, असलेला वाटाड्या मिळवा. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या अंगाशी, आतल्या खिशात ठेवा, थंडीत त्या भराभर उतरतात.

सविता, ठाणे
तंबूऐवजी गावातल्या घरी राहा, असे मी आग्रहाने सुचवेन. बुखारीभोवती, म्हणजे खोली उबदार ठेवणाऱ्या शेगडीभोवती, बसून जेवण होते आणि शौचालय मात्र कोरडे, मातीचे, पाण्याविना असते. त्याची मनाची तयारी करून जा. गोठ्यात शिरलेला हिमबिबट्या एका रात्रीत अनेक शेळ्यामेंढ्या मारतो, म्हणूनच अनेक गावांत गोठ्यांवर तारेची जाळी बसवली आहे. पाहुण्यांचे पैसे त्याच घरात पडले, तर जनावरे गमावणाऱ्याला तो प्राणी निव्वळ शत्रू वाटत नाही. २०२४ साली जाहीर झालेल्या गणनेत देशात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज होता आणि त्यांतले ४७७ एकट्या लडाखमधले, यात या गावांचा वाटा मला मोठा वाटतो.

आणखी एक. मी सहा दिवस राहूनही मला तो दिसला नाही. गोठलेल्या ओढ्यावरचे ताजे ठसे, दाढीवाले गिधाड आणि समोरच्या कड्यावर झुंजणारे दोन भरल दिसले. मी पुन्हा जाणार आहे.

भटके दांपत्य, नाशिक
सर्वांचे आभार. रजा बारा दिवसांची करून घेतली: लेहमध्ये तीन रात्री, रुंबकमध्ये सहा. पत्नीने लेन्सचे पैसे वाटाड्यासाठी वळवले आहेत. सविताताई, रुंबकमध्ये घर आधी ठरवावे लागते, की लेहला पोहोचल्यावर मिळते?