कला तुकडी चाचणी घेऊन निवडायची का?

सातवीतल्या मुलाची आई:
आमच्या शाळेत जूनपासून सहावी ते आठवीसाठी वेगळी कला तुकडी निघतेय. चित्रकला, गायन, नाट्य यांपैकी एक विषय, रोज सलग दोन तास. चाचणी घेऊन ३० मुलं निवडणार. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. पेन्सिल त्याच्या बोटांत ठरत नाही, मुठीत धरावी लागते. चित्रकलेच्या सरांनी ब्रशच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दिला, तेव्हापासून तो त्या तासाची वाट बघत असतो. चाचणीत मात्र अर्ध्या तासात वस्तुचित्र पूर्ण करायचंय. ते त्याला जमणार नाही. मला ही चाचणीच नको वाटते.

निवृत्त चित्रकला शिक्षक:
ताई, तुमची तळमळ कळते, तरी मी चाचणीच्या बाजूने आहे. वर्गात ६० मुलं आणि तास ३५ मिनिटांचा. पाणी आणायचं, बोर्ड काढायचे, यातच निम्मा तास जातो. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, सुकायच्या आत घंटा होते. पोरं ओला कागद हातात धरून पुढच्या तासाला जायची, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. ज्याच्या हातात कला आहे त्याला सलग दोन तास मिळू देत. खेळाडू घडवणाऱ्या सरकारी क्रीडा प्रबोधिनीत चाचणी घेऊनच मुलं घेतात ना?

संगीत शिक्षिका:
सर, ६० मुलांचं दुखणं माझंही आहे. पण त्यावर ३० मुलं वेगळी काढणं हा उपाय नव्हे. शिक्षण हक्क कायद्यात (२००९) सहावी ते आठवीत १०० च्या वर पट असला की कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा माणूस, द्यायला सांगितलंय. तो सगळ्या मुलांसाठी असतो. तोच माणूस एका तुकडीला जुंपला की बाकीच्यांचा कलेचा तास गणिताला जाणार. परीक्षा जवळ आल्या की आजही जातोच.

माझ्या वर्गात कानाला मशीन लावणारी एक मुलगी आहे. मी ढोलकी वाजवते तेव्हा ती ढोलकीच्या खोडावर तळवा टेकवून बसते. आता ती सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकत नाही. स्वरज्ञानाची चाचणी घेतली असती तर ती दारातूनच परत गेली असती.

आठवीतल्या मुलीचे वडील:
तुकडी हवीच. इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेतल्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण मिळतात. त्याची तयारी आम्ही आज पैसे मोजून बाहेरच्या क्लासला करून घेतो. ज्यांना क्लास परवडत नाही त्या मुलांचा विचार करा.

निवृत्त चित्रकला शिक्षक:
दिव्यांग मूल चाचणीत मागेच पडेल असं धरून चालू नका. सतीश गुजरालांना लहानपणीच ऐकू येईनासं झालं होतं, तरी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि केवढे मोठे चित्रकार झाले.

सातवीतल्या मुलाची आई:
सर, गुजरालांची अडचण कानाची होती. माझ्या मुलाची अडचण हातात आहे आणि तुमची चाचणी हाताच्या सफाईचीच आहे. शांतिनिकेतनच्या बिनोदबिहारी मुखर्जींचं बघा. दृष्टी गेल्यावर ते कागद कापून, चिकटवून चित्रं करू लागले. साधन बदललं, चित्रकार तोच राहिला. दिव्यांग हक्क कायद्याने (२०१६) मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करणं शाळेवर बंधनकारक केलंय. चाचणी घेणारच असाल तर त्याला जास्त वेळ द्या, मोठा कागद द्या, कोळशाने काढू द्या. शनिवारी पालकसभेत त्याची वही घेऊन जाणार आहे. पहिल्या पानावर नुसत्या रेघोट्या आहेत. शेवटच्या पानावर आमच्या गल्लीतला पाण्याचा टँकर आहे, त्याखाली लावलेल्या हंड्यांच्या रांगेसकट.

निवृत्त चित्रकला शिक्षक:
टँकरचं चित्र मला बघायचंय. अर्ध्या तासाच्या वस्तुचित्राऐवजी वर्षभराची वही तपासा, असा अर्ज लिहिलात तर त्यावर मी सही करेन. ३० ची मर्यादा मात्र सोडू नये, या मतावर मी ठाम आहे.

संगीत शिक्षिका:
वहीच्या अर्जावर माझीही सही घ्या. ३० च्या मर्यादेवर शनिवारी समोरासमोर बोलू, सर.