फॉलोअरवालं अकाउंट विकत घ्यायचं तर काय काय पाहावं? का घ्यायचंच नाही?

बोंडवाला (यवतमाळ) :
राजेहो, फेब्रुवारीत तूर विकली त्यातले 22 हजार गेले, घरी अजून सांगितलं नाही. इथं सांगून राहिलो कारण आपल्याकडची बरीच पोरं आता हेच करून राहिली. माझं शेतीचं यूट्यूब चॅनल आहे, गुलाबी बोंडअळी, फवारणी, तुरीचे शेंडे खुडणं असे व्हिडिओ टाकतो. दोन वर्षं झाले, 300 सबस्क्रायबरच्या वर गाडी जात नाही. अन् जाहिरातीची कमाई सुरू व्हायले पाहिजे 1000 सबस्क्रायबर अन् वर्षभरात 4000 तास पाहिलेले, नाहीतर शॉर्ट्सचे 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूज. मंग एका ऑनलाईन बाजारात तयार चॅनल दिसलं, 12 हजार 400 सबस्क्रायबर, मॉनेटायझेशन (म्हणजे जाहिरातीची कमाई) चालू, कॅटेगरी शेती. विकणाऱ्याने स्क्रीनशॉट पाठवले, मी पैसे टाकले, त्यानं जीमेल आयडी पासवर्ड दिला, मी लगेच पासवर्ड बदलला, नंबर माझा टाकला. वाटलं झालं काम.
पाचव्या दिवशी गव्हाले पाणी देत होतो, रात्रीची लाईट होती, दोन वाजता मोटर चालू करून बांधावर बसलो अन् फोन उघडला तर लॉगआऊट. पासवर्ड घेईना. माझा नंबर काढून टाकलेला. त्याचा फोन बंद.
त्या पाच दिवसांत मी बोंडअळीचा एक व्हिडिओ टाकला होता, त्याले 41 व्ह्यूज. साडेबारा हजार माणसातून 41! तेव्हाच समजायले पाहिजे होतं.
आता मले वाटते की अकाउंट घेणं वाईट नाही, न तपासता घेणं वाईट. स्क्रीनशॉटवर एक रुपया देऊ नका, ब्राउझरमध्ये आकडा बदलून फोटो काढायले एक मिनिट लागते हे मले नंतर समजलं. बाकी काय पाहावं ते जाणत्यांनी सांगा, अन् ज्यांचं मत आहे की घेऊच नये त्यांनी पण सांगा.

मोर्शीचा संत्रा :
भाऊ, वाईट वाटलं, पण मी स्पष्ट बोलतो. तपासून घेतलं तरी ते चूकच. बैलबाजारात आपण दात पाहतो, चालवून पाहतो, जुंपून पाहतो, अन् एकदा पैसे दिले की दावं आपल्या हातात येते. इथं दावं तुमच्या हातात दिलं तरी खुंटा त्याच्याच गोठ्यात. ज्यानं अकाउंट काढलं त्याले त्याचा जुना नंबर, जुना मेल, कधी काढलं ते सगळं माहीत असते, तो कधीही म्हणू शकते की माझं अकाउंट चोरलं. तुम्ही काय दाखवणार? पावती? इंस्टाग्रामच्या अटीतच लिहून आहे की अकाउंट विकायचं नाही अन् घ्यायचं पण नाही. जो व्यवहार नियमातच बसत नाही त्याची तक्रार घेऊन कोणाच्या दारात जाल?
बोगस बियाणं निघालं, सोयाबीन उगवलं नाही, तर पिशवी अन् बिल दाखवून कृषी अधिकाऱ्याले पंचनाम्याले बोलावता येते. इथं पिशवी पण नाही अन् बिल पण नाही.

पुसदचा मोबाईलवाला :
संत्राभाऊचा मुद्दा अर्धा बरोबर. माझं दुकान आहे, असे तीन-चार जण आले माझ्याकडं, सगळ्यांची चूक एकच, जीमेल हातात घेतलं. रिकव्हरीचा नंबर बदलला तरी गूगल जुन्या नंबरावर पण 7 दिवस कोड पाठवायची सोय ठेवते, कारण खरोखर चोरी झालेल्या माणसाले परत मिळावं म्हणून. तुमचा पाचवा दिवस तिथंच बसते. त्यानं जुन्या नंबरावर कोड मागवला असेल, एवढंच.
चॅनल ब्रँड अकाउंटवर (म्हणजे ज्याले एकापेक्षा जास्त जीमेल मालक म्हणून जोडता येतात) असलं तर जीमेल द्यायचं कामच नाही. तो तुमच्या स्वतःच्या जीमेलले मालक म्हणून जोडते, 7 दिवस थांबावं लागते, मंग तुम्हाले मुख्य मालक करता येते, अन् मंग तुम्ही त्याले काढून टाकायचं. पैसे मुख्य मालक झाल्यावर, आधी नाही. ज्याच्या मनात खोट असते तो या 7 दिवसाले तयार होत नाही, "दुसरं गिऱ्हाईक थांबून आहे" म्हणते. मॅनेजर किंवा एडिटर करून दिलं अन् "झालं ट्रान्सफर" म्हटलं तर ते ट्रान्सफर नव्हे, पक्कं ध्यानात ठेवा.
अजून एक, ॲडसेन्स, म्हणजे गूगलच्या जाहिरातीचे पैसे ज्या खात्यात जमतात ते, विकत भेटत नाही. ते तुमच्या नावानं वेगळंच लागते. 10 डॉलर जमले की गावच्या पत्त्यावर पोस्टानं पिन येते, तो टाकावा लागते, अन् 100 डॉलर झाल्याशिवाय पैसे निघत नाही. "मॉनेटायझेशन चालू" या शब्दाचेच लोक जास्तीचे पैसे मोजतात. सहा महिने काही टाकलं नसलं तर ते बंद पण करू शकतात.

वाशीमची बचतगटवाली :
मी घेतलं आहे आणि चांगलं चाललंय म्हणून लिहिते. आमच्या गटाचा मसाला आणि मुगवडी विकायला फेसबुक पेज पाहिजे होतं. शेजारच्या तालुक्यातल्या एका मुलीचं रेसिपीचं पेज होतं, 6 हजार फॉलोअर, तिचं लग्न ठरलं, वेळ नव्हता. मी आणि गटातली एक ताई तिच्या घरी गेलो, चहा घेतला, तिच्या आईसमोर बोलणं झालं. पेज ट्रान्सपरन्सीमध्ये पाहिलं, पेज केव्हा काढलं, नाव किती वेळा बदललं, चालवणारे कोणत्या देशात आहेत, सगळं तिथं उघडं दिसतं, पैसे लागत नाहीत. नाव एकदाच बदललेलं होतं आणि चालवणारी भारतातच. कमेंटा वाचल्या तर "ताई भरीत कसं करायचं", "ताई मिरची कुठली घेतली" अशा, म्हणजे माणसं खरी. तिने पूर्ण ताबा माझ्या अकाउंटला दिला, महिनाभर तीही राहिली, आम्ही दोघींनी मिळून पोस्ट टाकली की हे पेज आता आमचा गट चालवणार. काही लोक निघून गेले, राहिले त्यांच्याकडून आजही ऑर्डर येते.
त्यामुळे घ्यायचंच नाही हे मला पटत नाही. गरीब बाईला शून्यापासून सुरू करायला दोन वर्षं कुठून आणायची?

मोर्शीचा संत्रा :
ताई, तुमचं उदाहरण चांगलं आहे, पण ते बाजारातलं नाहीच. तुम्ही माणूस पाहिला, घर पाहिलं, अन् वाचकाले सांगितलं. माझा राग नेमका त्या न सांगण्यावर आहे. 12 हजार माणसं एकावर भरोसा ठेवून जोडली, त्यांना न विचारता ती विकली. उद्या त्याच शेतीच्या चॅनलवर कोणी दोन नंबरचं टॉनिक विकलं, कापसाले मारा म्हटलं, तर आपला माणूस जुन्या भरोश्यावर मारणार. मी संत्र्यावर अशीच एक औषधाची जाहिरात पाहून फवारणी केली होती, आंबिया बहाराची फळं गळली, एका वर्षाचं नुकसान झालं. ज्या पेजवर पाहिली ते आधी मंडीचे भाव सांगायचं, मंग मालक बदलला होता, आमाले काय माहीत.

बोंडवाला (यवतमाळ) :
संत्राभाऊ, हे मी मनावर घेतलं. खरं सांगतो, मी पण कोणाले सांगणार नव्हतो की चॅनल विकत घेतलं. नंतर शोधलं तेव्हा समजलं की ते चॅनल आधी लहान पोरांच्या हिंदी गाण्याचं होतं, सगळे व्हिडिओ काढून टाकले अन् नाव बदलून "शेती" लिहिलं. म्हणजे त्या 12 हजारात पोरांच्या हातात मोबाईल देणाऱ्या आया जास्त, कापूसवाले कुठून असणार. 41 व्ह्यूजचं कारण ते.
पण ताई म्हणते ते पण खोटं नाही.

दिग्रसवाला पोरगा :
दादा मी वाचून घाबरलो, माझा मंगळवारी सौदा आहे, इंस्टा पेज, 18 हजार फॉलोअर, मागून राहिला 9 हजार, मी 3 हजार टोकन देऊन बसलो. बाबाले माहीत नाही. काय पाहू सांगा लवकर

पुसदचा मोबाईलवाला :
आधी टोकनच्या वर एक पैसा टाकू नको. इंस्टावर प्रोफाईलच्या तीन टिंबात "या अकाउंटबद्दल" मध्ये पाह्य, केव्हापासून आहे, कोणत्या देशातलं, आधीचं नाव किती वेळा बदललं. मंग सोशल ब्लेड या वेबसाइटवर रोजची वाढ पाह्य. खऱ्या पेजचे फॉलोअर पावसासारखे कमी-जास्त वाढतात. एकाच दिवशी 5 हजार वाढले अन् मंग रोज थोडे थोडे कमी होत गेले, तर ते विकत आणलेले. मंग व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायले सांग, तुझ्यासमोर पेज रिफ्रेश करायले लाव, इनसाईट्समध्ये (पेजचे आतले आकडे) फॉलोअरची शहरं उघडायले सांग. मराठी पेज अन् वरची पाच शहरं परदेशातली, तर बोलणंच नको. यूट्यूब असतं तर यूट्यूब स्टुडिओत कॉपीराईट स्ट्राईक (दुसऱ्याचं गाणं-व्हिडिओ वापरल्याचा ठपका) पण पाहायले सांगितलं असतं, तीन झाल्या की चॅनलच उडते.
पण इंस्टाचं घेणंच नियमाच्या बाहेर आहे, संत्राभाऊनं सांगितलं ते खरं. सगळं तपासून बरोबर निघालं तरी ते कधीही बंद होऊ शकते. 9 हजार बुडाले तर चालते का, हे आधी स्वतःले विचार.

दिग्रसवाला पोरगा :
नाही चालत दादा

मोर्शीचा संत्रा :
मंग बेटा सोड. 3 हजार गेले तर जाऊ दे, बाबाले आजच सांग, रागावतील, मारणार नाहीत. अन् फसवलं आहे असं दिसलं तर लगेच 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर, फोन कर, दिवस घालवू नको, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळवलं तरच थांबवता येतात.

बोंडवाला (यवतमाळ) :
मी 1930 वर तिसऱ्या आठवड्यात फोन केला, तोवर खातं रिकामं. तू तसं करू नको. पोरा, आज रात्री आठनंतर मले फोन लाव, नंबर मेसेजमध्ये टाकतो, त्या माणसाले व्हिडिओ कॉलवर घे, मी पण बसतो तुझ्यासंग.

दिग्रसवाला पोरगा :
दादा, झाला कॉल. आधी म्हणे नेट नाही. मंग स्क्रीन दाखवली, फॉलोअर 18 हजार दिसले, बोंडवाला दादानं रिफ्रेश करायले सांगितलं तर त्यानं कॉल कापला. आता उचलत नाही. 1930 ले फोन केला, त्यांनी सगळं लिहून घेतलं, ट्रान्झॅक्शन नंबर मागितला तो दिला. बाबाले पण सांगितलं. ते जेवता जेवता उठून गेले, मंग परत आले अन् म्हणे तुया आजीच्या गोधडीचे व्हिडिओ टाक म्हटलं होतं ना मी.