तेरेखोल ते पोळे: वडीलधारी माणसे आणि मुले यांना घेऊन चार दिवसांचा किनारी प्रवास

प्रश्न – फोंडेकर

नमस्कार. आम्ही फोंड्याचे रहिवासी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकहून माझी धाकटी बहीण, मेहुणे आणि त्यांची नऊ व तेरा वर्षांची दोन मुले आमच्याकडे येणार आहेत. माझे वडील 76 वर्षांचे असून इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना पायऱ्या जड जातात, मात्र सपाटीवर काठी टेकत ते अर्धा तास सहज चालतात. गोव्यात जन्म काढूनही आम्ही इथला किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे असा सलग कधी पाहिलेला नाही. लग्नकार्य, चवथ आणि जत्रा यांच्या निमित्ताने जेवढा रस्ता झाला तेवढाच. म्हणून सात आसनी गाडीने तेरेखोलपासून पोळे नाक्यापर्यंत चार दिवसांत सावकाश जाण्याचा बेत आहे. वडिलांना कोणते किल्ले झेपतील, मुक्काम कुठे करावेत आणि जुने गोवे (पोर्तुगीजांची जुनी राजधानी) याच प्रवासात बसवावे की नाही, याविषयी मार्गदर्शन करावे. मुलांना समुद्रासाठी भरपूर वेळ हवा आहे.

उत्तर – खाडीपलीकडचा

हा प्रवास किनाऱ्यांवरून न आखता नद्यांवरून आखावा, असे मी सुचवीन. तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी आणि साळ या प्रत्येक नदीच्या मुखाशी कोणी ना कोणी किल्ला बांधलेला आहे, कारण गलबताला आत शिरू द्यायचे की नाही हे तिथेच ठरत असे. वडिलांना हे सांगायला नको. पण मुलांना एकदा हे कळले की पुढचा किल्ला कुठे असेल ते ती नकाशावर स्वतःच शोधू लागतात, आणि मग गाडीत भांडत नाहीत.

पहिल्या दिवशी केरीहून फेरीबोटीने तेरेखोलला जावे. आरोंद्याकडून रस्त्यानेही जाता येते, पण फेरीबोटीची पुढची लोखंडी फळी साखळ्यांच्या खडखडाटासह धक्क्यावर टेकते आणि आपली गाडी पाण्यावर उभी राहते, ते मुलांना चुकवू नये. सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी येथे तिरंगा फडकवला होता. आत सोडतात की नाही याची चौकशी मात्र आधी करावी. परतताना हरमल वगळून मांद्रे किंवा आश्वे येथे दोन रात्री राहावे. हरमल आता गजबजलेले आहे आणि तिथे गाडी लावण्यातच तास जातो.

दुसऱ्या दिवशी मोरजीहून शिवोलीचा पूल ओलांडताना वडिलांना पुढच्या आसनावर बसवावे. पेडणे तालुका पोर्तुगीजांकडे 1788 मध्ये, म्हणजे पुलापलीकडच्या बार्देशनंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी गेला, आणि हा फरक पुलाच्या दोन्ही बाजूंना देवळे व चर्च यांच्या संख्येतही दिसतो. शापोऱ्याचा चढ लहान असला तरी सुट्या जांभ्या खड्यांचा आहे, त्यामुळे तो मुलांनी आणि मेहुण्यांनी चढावा, वडिलांनी वागातोरच्या बाजूला सावलीत थांबावे. वर तटबंदी आणि दृश्य यांपलीकडे फारसे काही नाही. त्यांची शक्ती आग्वादसाठी राखून ठेवावी. 1612 चा हा किल्ला खंदकावरून आत शिरले की बराचसा सपाट आहे, पण सावली अजिबात नसल्याने दुपारी चारनंतरच जावे. खाली जुन्या तुरुंगाचे संग्रहालय झाले आहे. राममनोहर लोहिया आणि गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना जिथे कोंडले होते, तिथे इतिहासाच्या शिक्षकाला किमान दीड तास द्यावाच लागेल.

जुने गोवे या प्रवासात घेऊ नये. फोंड्याहून ते अर्ध्या तासावर आहे. कोणत्याही रविवारी जाता येईल.

उत्तर – सुरूचे बन

मी काणकोणचा असल्याने दक्षिणेपुरतेच लिहितो. मडगावहून सरळ महामार्गाने करमल घाट उतरून येऊ नये. केळशी, असोळणा, बेतूल असा किनाऱ्याचा रस्ता धरावा. असोळण्यात गाडी थांबवून वडिलांना बोलू द्यावे. कुंकळ्ळीच्या गावकरांना, म्हणजे गावप्रमुखांना, 1583 मध्ये बोलणीसाठी येथील किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी ठार मारले, आणि सोळांपैकी एकाने साळ नदीत उडी टाकून जीव वाचवला, असे सांगतात. त्यांचे स्मारक कुंकळ्ळीला आहे. बेतूलचा किल्ला शिवछत्रपतींच्या काळातला, 1679 चा. आता बुरूज आणि तोफ एवढेच उरले आहे, दहा मिनिटे पुरतात.

काब द राम मात्र चुकवू नये. सौंदेकर राजांकडून 1763 मध्ये पोर्तुगीजांकडे गेलेल्या या किल्ल्याच्या दरवाजापर्यंत गाडी जाते आणि आतले पठार सपाट असल्याने वडिलांना कड्यापासून सुरक्षित अंतरावर बसून समुद्र पाहता येईल. मुलांचा हात सोडू नये, कडा सरळ खाली जातो. येताना वाटेत खोल गावची मिरची मिळाली तर अवश्य घ्यावी. बहिणीला नाशिकला न्यायला याहून चांगली भेट नाही.

मुक्काम आगोंदला करावा, पाळोळ्याला नव्हे. पाळोळ्याचे पाणी मुलांसाठी अधिक शांत आहे, तेव्हा सकाळी पोहायला तिथे जावे. रात्रीचा गोंगाट वडिलांना मानवणार नाही. शेवटच्या दिवशी चावडीहून (काणकोणच्या मुख्य गावाहून) पुढे जाताना नवा बायपास टाळावा. गेल्या वर्षी मी स्वतः, इथलाच माणूस, पाहुण्यांशी गप्पा मारण्याच्या नादात त्यावर चढलो आणि तळपण व गालजीबाग या दोन्ही नद्या पुलावरून ओलांडून थेट माशेंच्या पुढे निघालो. गालजीबागच्या सुरूच्या बनात खाद्यपदार्थांच्या दुकानांची रांगच रांग नसते, म्हणून पाणी आणि खाऊ सोबत ठेवावा. कासवांच्या अंड्यांसाठी वाळूत कुंपण घातलेले दिसले तर मुलांनी त्याच्या बाहेरूनच पाहावे.

उत्तर – तिसवाडीचा

जुने गोवे वगळण्याचा सल्ला मला पटत नाही. मांडवीच्या मुखावरचा आग्वाद पाहायचा आणि तो ज्या शहरासाठी बांधला ते मात्र सोडून द्यायचे, हे शिक्षकांच्याच डोळ्यांना खटकेल. फोंडेकरांना ते रविवारी दिसेल. नाशिकहून आलेल्यांना नाही. तिसऱ्या दिवशी आग्वादकडून दक्षिणेला जाताना पणजी लागतेच. तिथून 1634 च्या सुमारास बांधलेल्या रायबंदरच्या बांधावरून मांडवीच्या काठाने जावे. सकाळी आठ वाजता बॉम जेझूस बासिलिकेत गर्दी नसते. संत आगुस्तीनच्या पडक्या मनोऱ्याखाली मुलांना दहा मिनिटे मोकळे सोडावे आणि साडेदहापर्यंत झुआरीच्या पुलाकडे निघावे. झुआरीच्या मुखाशी असलेल्या मुरगाव किल्ल्याचे फारसे अवशेष उरलेले नाहीत, तो वगळला तरी चालेल.

फोंडेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरे वडिलांना वाचून दाखवली. असोळण्याला थांबायचे म्हटल्यावर ते उठून कपाटातली वही शोधू लागले, आणि जुने गोवे घ्यायचेच असा निर्णय त्यांनीच दिला. शापोऱ्यासाठी घडीची खुर्चीही आजच गाडीत ठेवायला सांगितली आहे. फक्त एक शंका उरली आहे: केरीची फेरीबोट शनिवारी सकाळी किती वाजता गाठावी?

खाडीपलीकडचा

साडेआठच्या आत धक्क्यावर असावे. त्यानंतर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. पोदेराकडून (पाववाल्याकडून) उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन ठेवा, फेरीची वाट पाहताना मुलांना भूक लागतेच.