अनुभव धागा: झाड, पाखरू, नदी... तुम्ही कशाला जीव लावलाय?

काल कोल्हापुरात टाउन हॉलच्या बागेपाशी बसची वाट बघत होतो. रस्ता झाडणाऱ्या मावशींनी आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी कडेच्या करंजाच्या रोपाला घातलं आणि खराटा घेऊन पुढं गेल्या. तेव्हापासनं आजोबा डोक्यातनं जात नाहीत.

आमचं गाव प्रयाग चिखलीच्या अंगाला. मिरगाचा पाऊस झाला की आजोबा वडाच्या मनगटाएवढ्या फांद्या आणायचे. खालचं टोक तिरकं छाटायचं, वरच्या टोकाला शेणमाती लिंपायची, म्हणजे फांदी वाळत नाही. भोवती बाभळीच्या काट्याचं कुंपण, कारण शेळ्या. पालवी फुटली की नातू झाल्यासारखे घरात यायचे, "जगला गं!" त्यातल्या एका वडावर आता फळं पिकली की हरियल, तांबट असली पाखरं गर्दी करतात. ते बघून जो आनंद होतो तो मला पगारवाढीनंही झालेला नाही, खरं सांगतो.

तुमचं सांगा. लहानमोठं कायपण चालेल.

कुंडीवाली
कढीपत्त्याच्या पानावर पाखराची शीट पडलीय म्हणून पुसायला गेलो तर ती हलली! अळी होती. मोठी झाल्यावर हिरवीगार. बोट लावलं की डोक्यातनं लाल शिंगं बाहेर, आणि वास असला उग्र. सासूबाई आधी म्हणाल्या, टाक काढून. आता पान तोडू देत नाहीत, "फोडणीला शेजारनं आण." काळं फुलपाखरू निघालं, पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. पंख वाळेपर्यंत दोघी चहा गार करत बसलो.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
ती शेजारीण मीच. कवापण ने गं. डबा तेवढा परत दे, लोणचं घालायचंय.

दाजीपूरकर
वडील रोजंदारीवर जाळरेषा काढायला जायचे, वणवा पुढं सरकू नये म्हणून. आमचं दाजीपूरचं अभयारण्य १९५८ चं, त्याआधी कोल्हापूर संस्थानची शिकारीची रानं. शिकारीच्या रानात आपण गवे राखतोय याचा त्यांना लई अभिमान. आग न लागता उन्हाळा सरला की आईला गोड करायला सांगायचे.
आता मी पावसाच्या तोंडावर काजवे बघायला येणाऱ्यांना वाट दाखवतो. हेडलाइट, बॅटरी, फ्लॅश बंद म्हणजे बंद. नर-मादी एकमेकांना उजेडावरनंच शोधतात, आपला झगमगाट झाला की त्यांची चुकामूक. डोळे अंधाराला सरावले की आख्खं झाड एकदम लुकलुकतं आणि दंगा करणारी पोरं आपोआप गप्प होतात.

शिरोळचा_भाऊ
पोरांना घेऊन यायचंय. राहायची सोय हाय का तिथं?

दाजीपूरकर
हाय की भावा. पाऊस लागला असंल तर मीठ आणा, जळवा असतात.

रंकाळा_पहाटे
आम्ही गणपती विसर्जनाला रंकाळ्याजवळच्या इराणी खणीपाशी निर्माल्य वेचतो. दुर्वा, झेंडू एकीकडं, दोरे, थर्माकोल, प्लॅस्टिक दुसरीकडं. पाठ मोडते, हाताचा वास जात नाही. पण पुढं त्याचं खत झालं की मूठभर घेऊन बघा. काळं, भुसभुशीत, आणि वास पहिल्या पावसाचा. पोरगी कॉलेजात मैत्रिणींना सांगते, आमचे बाबा गणपतीची माती करतात.

सौ_घाईत
वाचून डोळ्यात पाणी आलं सगळ्यांचं. दूध उतू जातंय, नंतर लिहिते.

नदीकाठ
पंचगंगेत मेलेले मासे तरंगताना बघितले की घास उतरत नाही. तरी रोज जातो. २०१९ च्या महापुरात आमच्याकडची जुनी उंबरं शेंड्यापर्यंत पाण्यात होती. पूर ओसरल्यावर बघायला गेलो तर बुंधे गाळानं माखलेले, पण जागेवर. शेजारचा मोकळा काठ ढासळला, ह्यांच्या मुळांनी धरलेला तेवढा राहिला. तेव्हापासनं उंबर आणि करंजच लावतोय. यंदा एका रोपाला माझ्या खांद्याच्या वर शेंडा गेलाय. रोज जाऊन हात लावून येतो.

धागाकर्ता
नदीकाठ, जांभूळ पण घ्या की. बी ताजंच लावायचं, वाळवून ठेवलं की उगवत नाही. घरात सध्या रोज जांभळं, सगळ्यांच्या जिभा निळ्या. बिया धुऊन ठेवतो, रविवारी सकाळी शिवाजी पुलाजवळ या. पिशवी आणा.

नदीकाठ
येतो. दोन पिशव्या आणतो.

शिरोळचा_भाऊ
मला पण ठेवा थोड्या. आणि मीठ कशाला ते कळलं नाही, जळवांवर टाकायचं का?